सुई मी दिली होती

माय, गेल्या आठवड्यात एका माणसाला मी वॉर्डात सगळ्यांदेखत नको तेवढं बोलले, आणि तेव्हापासून तुझ्याशी बोलायचं डोक्यातून जात नाही. तू जाऊन एकोणीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत तुला एक ओळ लिहिली नाही, कारण लिहायला बसलं की एकाच गोष्टीपाशी यावं लागेल हे ठाऊक होतं. आज रविवार आहे, दुपारचे तीन वाजलेत. नवरा मुलीला घेऊन बाहेर गेलाय, आणि मी बुलढाण्याच्या या घरात ओट्याशेजारच्या टेबलावर औषध कंपनीने दिलेल्या पॅडवर लिहिते आहे. अक्षर जरा बरं काढते आहे. तूच म्हणायचीस, पोरगी डॉक्टर झाली अन् अक्षर मेलं.

तू गेलीस तेव्हा मी इंटर्न होते. पुढे मी भूलशास्त्र घेतलं. तुला ते फारसं आवडलं नसतं. मी बाळंतपणाची डॉक्टर व्हावं असं तुझ्या मनात होतं. लोकांना वाटतं भूल देणारा माणूस पेशंटला झोपवतो आणि खुर्चीवर बसून राहतो. खरं तर सर्जन जखमेकडे बघत असतो तेव्हा बाकी सगळा माणूस माझ्या हवाली असतो. पेशंट शुगरचा असला तर माझा एक डोळा टेबलाखाली लटकणाऱ्या लघवीच्या पिशवीवर असतो. तासाला किती आली, रंग कसा आहे, हे मी स्वतः वाकून बघते. थिएटरमधल्या सिस्टर माझ्यामागे मला ‘पिशवीवाल्या मॅडम’ म्हणतात, हेही मला माहीत आहे. वर्षानुवर्षांच्या शुगरने किडनी आतून झिजलेली असते आणि माणसाला त्याचा पत्ताही नसतो. चालतो, फिरतो, खातो, पितो. मग ऑपरेशन येतं. उपाशी राहणं, रक्त जाणं, प्रेशर खाली येणं, आणि वर दुखण्याच्या गोळ्या. एकेकटं यातलं काहीही ती किडनी सोसते. सगळं दोन दिवसांत एकदम आलं की बसते. ही दोन-तीन वाक्यं मी दर आठवड्याला कुठल्या ना कुठल्या नातेवाइकाला सांगते. मला ती कुणी पुस्तकातून शिकवायच्या आधी तू शिकवलीस.

संग्रामपूरकडच्या आपल्या त्या दोन खोल्या आठवतात. उपकेंद्राचं छप्पर गळायचं म्हणून तू सुया घरीच उकळायचीस. एका शेगडीवर वरण आणि दुसऱ्या शेगडीवर काचेच्या सिरिंजा. सकाळी सहापासून दाराशी माणसं. कुणाचं गळू, कुणाचा ताप, कुणाला नुसतीच ताकदीची सुई हवी. नर्सबाईचा हात हलका म्हणून लोक तालुक्याच्या डॉक्टरला सोडून तुझ्याकडे यायचे. ज्या घरांत तुला पाणी अजून वरून ओंजळीत मिळायचं, त्या घरांतल्या बायकाही अडल्या की तुलाच बोलावणं पाठवायच्या. तू जायचीस. जाताना स्वतःची पाण्याची बाटली पिशवीत टाकायचीस आणि त्याबद्दल घरी येऊन कधी एक शब्द काढायची नाहीस.

मी अकरा वर्षांची असताना तू एकदा बाहेर होतीस आणि शेजारची म्हातारी गुडघे धरून दाराशी आली. मी तुझ्या डब्यातून दोन लाल गोळ्या काढून दिल्या. मला मोठं झाल्यासारखं वाटलं. तू आलीस, मी आपणहून सांगितलं. तू मारलं नाहीस. मनगटाला धरून त्या म्हातारीच्या घरी नेलंस आणि गोळ्या परत मागायला लावल्यास. एक तिनं घेतली होती. तू संध्याकाळपर्यंत तिच्या ओट्यावर बसून राहिलीस, मलाही बसवलंस. परत येताना म्हणालीस, “गोळी देनं म्हंजे भाकर देनं नोहे. भाकर भूक लागली का कोनालेही देता येते.” मला तेव्हा राग आला होता तुझा. मी मदत तर केली होती.

तुझा पाय आठवतो मला. पोलिओचे डोस पाजायला शेतातल्या वस्त्यांवर फिरताना रबरी चपलेतून बाभळीचा काटा आत गेला आणि तुला कळलाच नाही. गावभर शुगरवाल्यांना पाय जपा म्हणून सांगणारी तू, तुझ्याच पायाची जाणीव गेलेली. चपलेत ओल लागली म्हणून तू पाय पाहिलास तेव्हा करंगळी काळी पडलेली होती. मी नागपूरहून आले. मे महिना होता. तालुक्याच्या गावातल्या एका छोट्या खाजगी दवाखान्यात दोन बोटं काढायची ठरली. नंबर सकाळचा होता. आधी एक अडलेलं सिझेरियन आलं, मग लाइट गेली, आणि तू आदल्या रात्रीपासून दुपारी चारपर्यंत उपाशी-तहानलेली पडून राहिलीस. सकाळी तुझी रक्तदाबाची गोळी मीच दिली, एका घोटाबरोबर. तशी गोळी त्या दिवशी थांबवायची असते. मला माहीत नव्हतं. ओठ कोरडे पडले होते तुझे, आणि तू मलाच विचारत होतीस, तू जेवलीस का.

भूल द्यायला आलेले सर पन्नाशीचे होते, शेजारच्या शहरातून स्कूटरवर येणारे. तुला बघितल्यावर त्यांनी सर्जनला थांबवलं. आधी सलाईन लावलं, अर्धा-पाऊण तास जाऊ दिला, मगच टेबलावर घेतलं. ऑपरेशन नीट झालं. बाहेर आल्यावर ते मला बाजूला घेऊन म्हणाले, “तुम्ही डॉक्टर आहात म्हणून तुमच्यावर सोपवतो. आईंची शुगर जुनी आहे, किडनीचा भरवसा धरू नका. दुखलं तर पॅरासिटामॉल द्या. ते नेहमीचं दुखण्याचं इंजेक्शन अजिबात नको. आणि लघवी मोजत राहा.” मी मान हलवली. खरंच ऐकलं होतं मी, माय. ऐकलं नव्हतं असं म्हणायलाही मला जागा नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी लघवीची नळी काढली, कारण तुला ती लाजिरवाणी वाटत होती. भूल पूर्ण उतरली आणि दुखायला लागलं. पायाची जाणीव गेली म्हणत होतो, पण कापलेली जागा वर होती आणि तिथं तुला सगळं कळत होतं. सलाईनमधून औषध गेलं, पुरलं नाही. तू ओरडणारी बाई नव्हतीस. पदराचा बोळा दातांत धरलास. मग म्हणालीस, “एक सुई मार वं पोरी. मले मालूम आहे कोनती. जिंदगीभर लोकायले मारली म्या.”

मी म्हटलं, सरांनी नको सांगितलंय.

“त्यायच्या पायाले लागलं काय?”

मी रस्त्यापलीकडच्या मेडिकलमधून इंजेक्शनं आणली. इंटर्न होते, कुणी विचारलं नाही. तुझ्याच पद्धतीने, आधी स्पिरिट, मग दोन बोटांनी कातडी ताणून दिलं. अर्ध्या तासात तुझ्या कपाळावरच्या आठ्या गेल्या. तू म्हणालीस, हात चांगला आहे तुहा. तेवढ्या एका वाक्यानं मी दिवसभर हवेत होते. जन्मात पहिल्यांदा तुझ्या काही उपयोगी पडले होते. त्या दोन दिवसांत मी तुला तीन सुया दिल्या. लघवी झाली का विचारलं की तू म्हणायचीस, झाली थोडीशी, आणि मी ते मानून घ्यायचे. भांडं आया ओतून टाकायची. मोजलं कुणीच नाही.

चौथ्या दिवशी तुला उलट्या सुरू झाल्या. डोळ्यांखाली सूज आली, दम लागायला लागला. रक्त तपासलं आणि तुला गाडीत घालून अकोल्याला नेलं. डायलिसिसच्या खोलीबाहेर रांग होती, त्यात निम्मे आपल्याच खाऱ्या पाण्याच्या पट्ट्यातले, ते पाणी पिऊन किडनी गेलेले. एका माणसाला तू ओळखलंस. त्याची बायको तुझ्या हाताने बाळंत झाली होती. त्याने तुझे पाय धरले आणि तू त्याला पथ्य सांगत बसलीस, स्वतः धापा टाकत. पाच दिवसांनी सकाळी अकराच्या सुमाराला तू गेलीस. किडनी बंद पडली होती, छातीत पाणी भरलं होतं, पायाची जखम मात्र छान भरत होती.

ते सर आदल्या दिवशी अकोल्याला आले होते. तुला पाहून बाहेर आले आणि जिन्यापाशी हळू आवाजात मला विचारलं, “तुम्ही काही दिलं होतं का?” मी म्हटलं, नाही सर. त्यांनी माझ्याकडे बघितलं. एवढंच बघितलं, आणि बरं म्हणाले. तुझ्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला आणि दुसऱ्याच दिवशी बाबा दोन काकांना घेऊन त्या दवाखान्यात गेले. मीही मागे गेले. सर तिथं दुसऱ्या पेशंटला तपासत होते. बाबांनी त्यांची कॉलर धरली, तुम्ही माही बाई मारली म्हणाले. शुगर होती हे माहीत असून भूल दिली म्हणाले. आपल्या बाबांना तू कधी कुणावर हात उगारताना पाहिलं होतंस का? दारात माणसं जमली. एकदा सरांची नजर बाबांच्या खांद्यावरून माझ्याकडे आली. मुलीला विचारा, एवढंच म्हणाले असते तरी पुरलं असतं. मी खाली फरशीकडे बघत उभी राहिले. त्यानंतर त्यांनी त्या गावाला येणं सोडलं असं ऐकलं. बाबा सात वर्षांपूर्वी गेले, आणि तुला त्या डॉक्टरने मारलं हेच शेवटपर्यंत धरून गेले. मी भूल देणारी झाले याचंही त्यांना कौतुक होतं. म्हणायचे, माही पोरगी तसं कोनाचं होऊ देनार नाही.

आता गेल्या आठवड्याचं सांगते. धामणगाव बढ्याचे एक टेलर आमच्याकडे आलेत, पासष्टीचे, वीस वर्षांची शुगर. दुकानाच्या पायरीवरून पडले आणि खुब्याचं हाड मोडलं. आठवडाभर गावात तेल लावून आणि मेडिकलच्या गोळ्या खाऊन काढला. आले तेव्हा रक्तातलं क्रिएटिनिन चढलेलं होतं, म्हणजे किडनी आधीच दमलेली. सर्जन म्हणाले उद्याच घेऊ. मी म्हटलं, दीड दिवस द्या मला. “मॅडम, हाड खुब्याचं मोडलंय, किडनीचं नाही,” असं ते सगळ्यांसमोर म्हणाले. थांबण्यातही धोका असतो, म्हातारा माणूस नुसता पडून राहिला की छाती भरते, हे मलाही कळतं. तरी मी अडून बसले. गोळ्या बंद केल्या, बेताबेताने सलाईन दिलं, शुगर ताळ्यावर आणली, रक्तदाबाची गोळी त्या सकाळी थांबवली. ऑपरेशनमध्ये प्रेशर दोनदा घसरलं, दोन्ही वेळा मिनिटाच्या आत वर आणलं. पिशवीत तासाला चाळीस मिली येत होती, म्हणजे पुरेशी. त्यांचा मुलगा काळी-पिवळी चालवतो, चाळिशीचा दांडगा माणूस. त्याला मी बाहेर येऊन स्वतः सांगितलं, दुखण्याची कुठलीही गोळी बाहेरून आणून द्यायची नाही. त्याने मान हलवली.

तिसऱ्या दिवशी सकाळी राउंडला गेले तर पिशवीच्या तळाशी चहासारखी जरा लघवी, आणि रात्रभराची तेवढीच. चादर सारखी करायला सिस्टरने उशी उचलली, खाली मेडिकलची कागदी पुडी. पाकिटातल्या दहापैकी सहा गोळ्या गेलेल्या. मग मी काय काय बोलले ते मला धड आठवत नाही. बापाला मारायचंय का तुला, हे मी म्हटलं, ते आठवतं, कारण त्यावर शेजारच्या खाटांवरची माणसं उठून बसली. तो माणूस माझ्यापेक्षा दीडपट मोठा, हात बांधून उभा. म्हणाला, “मॅडम, तो रडे. म्या त्याले कधी रडतानी पाह्यलं नव्हतं. मंग म्या काय करू?”

खाटेवरून ते टेलर म्हणाले, “त्याले नका बोलू. म्याच मांगतली.”

मी तिथून निघाले. थिएटरच्या कपडे बदलायच्या खोलीत जाऊन बसले. नंतर कागद बघितले तर मी लिहून दिलेलं सहा-सहा तासांनी द्यायचं औषध मधे दोनदा दिलंच गेलं नव्हतं, आणि मांडीत दिलेल्या सुन्न करायच्या औषधाचा असर दुसऱ्या दिवशी उतरल्यावर ते पुन्हा द्यायला मी गेले नव्हते. नको, नको सांगून मी मोकळी झाले होते. दुखणं कुणी सांभाळायचं ते मीही ठरवलं नव्हतं. तुझ्या वेळीही सगळ्यांनी तेच केलं होतं. त्या दुपारी मी जाऊन ते औषध पुन्हा दिलं, आणि वीस मिनिटांत ते टेलर झोपले.

त्यांचं दोनदा डायलिसिस करावं लागलं. कालपासून लघवी यायला लागली आहे, पिशवीत काल संध्याकाळी दीडशे मिली होती. वाचतील. पण किडनी पहिल्यासारखी होणार नाही, आणि वर्ष-दोन वर्षांत कायमचं डायलिसिस लागेल असंच सगळं दिसतं. धामणगाव बढ्याहून आठवड्यातून दोन-तीनदा बुलढाण्याला यायचं, म्हणजे मुलाची गाडी त्यातच गेली. हे मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, माह्याच्यानंच झालं ना? मी त्याला थिएटरसमोरच्या बाकावर बसवलं आणि शेजारी बसले. दवाखान्यात मी आपलं बोलणं बोलत नाही, पुण्याच्या डॉक्टरांसारखं बोलते. त्याच्याशी बोलताना ते कुठं गेलं कोण जाणे. म्हटलं, “म्याही माह्या मायले सुई देल्ती. मले नोको सांगतलं होतं तरी.”

“मंग?”

“गेली.”

तो माझ्याकडे वळला. मग म्हणाला, “तुमी कोनाले सांगतलं काय?”

“तुलेच.”

“म्या भावाले सांगतलं त्याच दिवशी,” तो म्हणाला. “तो बोलत नाही आता माह्याशी.”

दहावी नापास माणूस आहे तो, माय. गोळ्या सापडल्या त्याच दिवशी त्याने भावाला फोन करून सांगितलं होतं. मला एकोणीस वर्षं लागली, तेही अनोळखी माणसाला, जो काही दिवसांत बापाला घेऊन निघून जाईल.

ते सर अजून आहेत. सत्तरीच्या पुढचे, प्रॅक्टिस बंद केलेली, मुलाकडे राहतात. एका कार्यक्रमात दोन वर्षांपूर्वी मी त्यांना लांबून पाहिलं आणि जेवण न करता निघाले. फोन नंबर माझ्याकडे आहे. या आठवड्यात जाऊन भेटेन असं लिहिणार होते, पण तुला लिहिताना तरी जमेल तेवढंच लिहावं. हे पत्र कुठं टाकायचं नाहीच आहे. मुलगी यायच्या आत फाडेन.

फाडायच्या आधी एक राहिलंय. त्या माणसाला मी सांगितलं की माझी आई कळवळत होती, मला बघवलं नाही. दोन सुयांपुरतं ते खरं आहे. तिसरी मी दुपारी दिली. तू जागी होतीस, पंख्याकडे बघत होतीस, कण्हतही नव्हतीस. मी औषध भरताना पाहून तू म्हणालीस, “राहू दे आता, तेवढं नाही दुखून राह्यलं.” मी म्हटलं, संध्याकाळी दुखेल, आत्ताच घेऊन ठेव. मला दोन दिवस झोप नव्हती. तुझा डोळा लागला की मलाही समोरच्या बाकावर आडवं होता येईल, एवढंच माझ्या मनात होतं. तू कुशीवर वळलीस. मी दीड तास गाढ झोपले, माय.